न खाल्लेल्या नूडल्स

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पण ह्यांना गिळता आलं नाही. शिवलीला म्हणून एक पोरगी येते, गिळायला शिकवणारी. गिळायला शिकवायला पण माणूस ठेवतात, हे मला बेंगळुरात येऊन कळलं. तिनं चमचाभर घट्ट केलेलं पाणी ह्यांच्या जिभेवर ठेवलं, गळ्यावर दोन बोटं धरली आणि म्हणाली, "नुंगी अण्णा, नुंगी." म्हणजे गिळा. ह्यांनी डोळे मोठे केले, मान ताठ केली, सगळा जोर लावला, आणि पाणी ओठाच्या कोपऱ्यातनं गळ्यावर आलं. मी पुसलं. एवढा लॉरी चालवणारा गडी, शेंबड्या पोरासारखं तोंड पुसून घेतो.

ही डायरी शमिकानं दिली, तिच्या कंपनीची. "मामी, डॉक्टर काय बोलले ते रोज लिहून ठेवत जा, मला ऑफिसमधून येऊन सगळं रिपीट नको करायला लावू." शमिका म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी, बनशंकरीत फ्लॅट घेऊन एकटी राहते. तिच्याकडंच मी उतरले आहे. मी चौथी शिकलेली. माझं अक्षर तिला लागायचं नाही. म्हणून मी मला पाहिजे ते लिहिणार.

झालं असं की हे शिरोलीहून कास्टिंगचा माल घेऊन इथं पीण्या इंडस्ट्रीत आले, नेहमी येतात तसे. कारखान्याच्या दारात लॉरी खाली करताना डावा हात लोंबकळला आणि तोंड वाकडं झालं. झटका. कारखान्याच्या लोकांनी इकडं मार्केटजवळच्या हॉस्पिटलात आणून टाकलं. आता हात थोडा उचलतो. बोलणं बोबडं आहे, पण मला कळतं. गिळणं तेवढं गेलंय. नाकातनं नळी घातली आहे, तिच्यातनं पिचकारीनं पेज आणि दूध सोडतात. पोरगा उपेंद्र राहिला काही दिवस, मग कागलला कामावर परत गेला. त्याला तरी काय म्हणणार.

दुपारी देवळात गेले होते. इथल्या बनशंकरी देवीपुढं बायका लिंबू कापून, पिळून, साल उलटी करून त्यात तेलवात लावतात. एकीनं माझ्या हातात पण दिलं. मी लावलं, आणि देवीला बोलले, ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही तोवर माझ्या जिभेला मीठ लागणार नाही. द्यायचं तर आपलं आवडतं द्यायचं, आमच्यात असंच आहे. गोड मला लागत नाही. मीठ लागतं. पिठल्यावर सुद्धा वरून चिमूट घेणारी बाई मी. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की नवस वाया जातो. लिहिलं तर चालतं का ते माहीत नाही. देवीला मराठी वाचता येत असेल तर तिनंच ठरवावं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचं डोकं फिरलंय. सकाळी नळीतनं पेज गेली, तोंड धुवून दिलं, तर माझ्याकडं बघून म्हणतात, "चंदनकडं जा."

"कोण चंदन?"

"नूडल्सवाला. पीण्यात."

आता आठवलं. घरी आले की जेवताना तेच पुराण असायचं. बेंगळुरातली तट्टे इडली केवढी असते, चामराजपेटेत गंगव्वा शाविगे, म्हणजे तांदळाची शेवई, कशी काढते, चंदनच्या गाडीवर नूडल्स कशा उडवतात. मी म्हणायची, शेवया त्या शेवया, तिखट घातलं म्हणून काय झालं. वर्षानुवर्षं लॉरी चालवली आणि ध्यानात काय राहिलं, तर खाणं.

"जाऊन काय करू?" मी विचारलं.

"खा. आणि ये. कसं लागलं सांग."

"इथं तुमच्या नाकात नळी, आणि मी तिकडं चैन करू?"

"जा गं कल्पे. मला... ऐकायचंय."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, बघू. म्हणजे नाही. पण दुपारी ह्यांनी नर्सला पण खुणा करून सांगितलं की हिला पाठवा. नर्स मला हसत म्हणाली, "होगी अम्मा, होगी." जा म्हणे. सगळ्यांना माझीच घाई.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. शमिकानं मेट्रोचं कार्ड दिलं आहे. मार्केटला चढायचं, पीण्या इंडस्ट्रीला उतरायचं, एकच गाडी. मला वाटलं होतं हरवेन. हरवले नाही, उलट एका बाईला मीच सांगितलं कुठं उतरायचं ते.

कारखाने सुटायची वेळ. तेलकट कपड्यातले लोक, लेथचा वास, त्यात कढईचा वास. चंदनची गाडी लगेच सापडली, कारण तो झाऱ्यानं कढई इतकी बडवतो की देवळातली आरती वाटावी. मी नाव सांगितलं तर झारा टाकून हात जोडले.

"भाभीजी! अन्ना कैसे हैं? अन्ना तो मेरे पहले गिराक थे. बैठिए, बैठिए."

बसायला काही नव्हतं. त्यानं एक क्रेट उलटा केला. मग कढईत तेल, लसूण, कोबी, वरून त्या लांब पिवळ्या शेवया, काळं काही, लाल काही, आणि मीठ. मूठभर. मी बघितलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला लिहू. दिवसभरात मी दूधभात तेवढा खाल्ला होता, तो पण अळणी.

"नको," म्हटलं. "पोट बिघडलंय."

"थोडा सा, भाभीजी. अन्ना को क्या मुँह दिखाऊँगा?"

"नको म्हटलं ना!" जरा जोरात बोलले. ती प्लेट त्यानं कारखान्यातल्या एका पोरीला दिली. मी तिच्याकडं बघत उभी राहिले. ती कशी फुंकर मारते, कशी ओढून घेते, कुठल्या घासाला नाक पुसते. पोरगी शेवटी वैतागली आणि पाठ करून खायला लागली.

परत आल्यावर ह्यांनी लगेच विचारलं.

"तिखट होत्या," मी म्हटलं. "लांब होत्या."

"आणि?"

"आणि गरम."

"कोबी... करकरीत?"

"होता की."

"व्हिनेगर?"

मला व्हिनेगर म्हणजे कुठलं ते ठाऊक नाही. "ते पण होतं," म्हटलं.

हे माझ्या हाताकडं बघत होते. बांगड्या जरा ढिल्या झाल्यात, कोपराकडं सरकतात. मग म्हणाले, "किती खाल्लीस?"

"प्लेटभर."

"उद्या परत जा."

म्हणजे बघा. गिळता येत नाही, पण हाव केवढी.

९ नोव्हेंबर, रविवार

काल नाही गेले, पाय दुखतात म्हणून सांगितलं. आज शमिकाला सुट्टी. तिनं डोसा मागवला, घरपोच येतो इथं. "मामी, तू काहीच खात नाहीयेस. डाएट वगैरे करतेस का?" मी म्हटलं, पित्त झालंय. ती म्हणाली, "मग बाबांच्या डॉक्टरना फोन करते." हिच्याकडं प्रत्येक गोष्टीला एक फोन आहे. केळी खाल्ली दोन आणि दूध प्यायले. डोशाचा कागद तिनं कचऱ्यात टाकला तो मी नंतर झाकण लावून बंद केला. वास सुटला होता.

ह्यांना डोशाचं सांगितलं. कुरकुरीत होता म्हटलं. "चटणी?" म्हटलं चांगली होती. "कुठली? लाल का पांढरी?" लाल म्हटलं. पांढरी होती का लाल, मी बघितलीच नव्हती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज गंगव्वाकडं. मी ठरवून गेले होते. चंदनकडं जमलं नाही, पण हिच्याकडं जमेल असं वाटलं. हॉस्पिटलपासून चालत जाता येतं, चामराजपेटेत आत गल्लीत. दारातच लोखंडी साचा, तीन पायांचा, वर फिरवायचा दांडा. तांदळाच्या उकडीचे गोळे गरम गरम साच्यात घालायचे आणि दांडा दाबत फिरवायचा. खालनं पांढऱ्या शेवया ताटात पडतात, केसासारख्या. त्यावर लिंबाची फोडणी, नाहीतर नारळाचं गूळ घातलेलं दूध. आमच्याकडं शेवया उन्हात वाळत घालतात. इथं वाळायच्या आधीच खाऊन टाकतात.

गंगव्वा गोकाककडची, मोडकं मराठी बोलते. ह्यांचं नाव काढल्यावर आधी रडली, मग म्हणाली, "बा अक्का, दांडा धर, एकटीनं होत नाही." दांडा फिरवायला दोघी लागतात. मी फिरवला. दोन गोळ्यांतच डोळ्यापुढं पिवळं दिसायला लागलं. हवा बदलली म्हणून असेल.

मग मी हळूच म्हटलं, "मला नारळाच्या दुधातली दे. पण उकड बिनमिठाची पाहिजे."

"काय?"

"मीठ नको. उप्पु बेडा." एवढं कन्नड मी येताना शमिकाच्या वॉचमनकडनं शिकून आले होते.

तिचा हातच थांबला. "उप्पु नको? का? घरात कोण गेलं काय?"

माझ्या अंगावर काटा आला. "कोणी गेलं नाही! काहीतरी बोलू नकोस!"

"मग असं अशुभ मागू नको अक्का. मीठ सगळ्या उकडीत घातलंय सकाळीच. स्वल्प, एवढुसं. गोडात पण लागतंय, नाहीतर चव कुठनं येणार?"

एवढुसं. एवढुसं झालं म्हणून काय झालं. तिनं वाटी भरून दिली. मी घरी खाते म्हणून डब्यात घेतली आणि हॉस्पिटलच्या दारात बसलेल्या एका बाईला देऊन टाकली. तिनं तिथंच खाल्ली. मी विचारलं, कशी लागली? ती कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक बोलली. तोंडावरनं चांगली असावी.

ह्यांना सांगितलं, मस्त होती, जरा तिखट.

"नारळाच्या दुधातली?"

"हो."

"तिखट?"

जीभ चावली. म्हटलं, "म्हणजे वेलदोड्याचा तिखटपणा हो." ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. एवढी वणवण करून आले आणि हे रुसून बसतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वाईट दिवस. शिवलीलानं आज कस्टर्डसारखं काही आणलं होतं, पिवळं. अर्धा चमचा. मला म्हणाली, अम्मा, तुम्ही गळ्यावर हात ठेवा, गाठ वर सरकली की समजायचं गिळलं. मी बोटं ठेवली. देवीचं नाव घेतलं. गाठ जरा हलली, मला वाटलं गेलं, मी ओरडले, "गेलं! गेलं!" आणि त्याच क्षणी खोकला सुरू झाला. हे निळे पडले. नर्स धावली, पडदा ओढला, मला बाहेर काढलं. आतनं नुसता आवाज, नळीनं ओढायचा.

छातीत गेलं थोडं. डॉक्टर म्हणाले, आता काही दिवस तोंडानं काही नाही. पुढच्या वेळी पण नाही जमलं तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची आणि घरी न्यायचं. "घर पे आराम से रहेंगे." आरामात. ह्या माणसाला. आयुष्यभर गाडी थांबवली ती वासावर थांबवली.

मी देवळात गेले. म्हटलं, मीठ सोडलं ना मी? अजून काय पाहिजे तुला?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज बसवनगुडीत शेंगांची जत्रा, कार्तिकातला शेवटचा सोमवार. रस्त्यावर दोन्ही बाजूला शेंगांचे ढीगच ढीग. ह्यांनीच सांगितलं जायला. आज नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून गेले.

आणि बघा, कच्च्या शेंगांना मीठ कुठं असतं? मला आधी सुचलंच नाही. एका म्हाताऱ्याकडनं ओंजळभर घेतल्या आणि तिथंच फुटपाथवर बसून फोडून खाल्ल्या. लहान दाण्याच्या, कोवळ्या, दुधाळ. किती खाल्ल्या ध्यान नाही. माझ्याभोवती टरफलांचा पसारा पडला आणि एक गाय येऊन उभी राहिली, तिला पण दिल्या.

परत आल्यावर विचारायच्या आधीच मी सांगायला लागले. की आपल्याकडच्यापेक्षा बारीक आहेत, पण गोड जास्त आहेत, दाताखाली आल्या की आधी कच्चा मातीचा वास येतो आणि मग गोडी सुटते, आणि एक कडू निघाली ती थुंकेपर्यंत तोंड वाकडं झालं. मी तोंड वाकडं करून दाखवलं.

तर हे रडायला लागले. एका डोळ्यातनंच पाणी येतं, दुसरा डोळा अजून नीट मिटत नाही.

"काय झालं हो?"

"काही नाही. आणखी सांग."

शेंगांवर रडायला काय आहे? शेंगा तर घरी पण मिळतात. पण आज नळीतनं सगळी पेज घेतली, कुरकुर न करता. झोपले पण लवकर.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल लिहिता आलं नाही. काल मी पडले.

मेट्रोतनं उतरले, जिन्यावर पाय ठेवला आणि जिना खाली गेला असं वाटलं. डोळे उघडले तर मी ह्यांच्याच हॉस्पिटलात, खालच्या मजल्यावर, हातात सुई. शमिका शेजारी, पांढरीफटक. डॉक्टरबाई तरुण होती, पण खेकसायला चांगली म्हातारी. "सोडियम किती खाली गेलंय! मीठ खात नाही काय तुम्ही?"

मी वर टांगलेल्या बाटलीकडं बघितलं.

"मामी, बोल ना! खातेस ना तू मीठ? स्वयंपाक तर तूच करतेस!"

मी म्हटलं, "ह्या बाटलीत काय आहे?"

डॉक्टरबाई म्हणाली, सलाईन. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, मिठाचं पाणी.

मी सुई ओढायला गेले. दोघींनी मिळून माझा हात धरला. शमिका रडत होती, "मामी प्लीज, प्लीज मामी, काय करतेस तू!" काय करते ते सांगायची सोय नाही. मी तिथं पडून थेंब बघत राहिले. एक थेंब पडला की वाटायचं, गेला नवस. मग वाटायचं, मी जिभेला लागणार नाही असं बोलले होते, हे तर जिभेला लागलंच नाही, दंडातनं गेलं. देवी वकील नाही, तिला कळेल. मग परत वाटायचं, तिला सगळंच कळतं, तेच तर.

आणि ह्याच वेळात वर चंदन येऊन गेला. ह्यांना बघायला, सफरचंदं घेऊन. ज्याला खाता येत नाही त्याला सफरचंदं. आणि बोलून गेला, "भाभीजी ने तो खाया ही नहीं, अन्ना. आईं, खड़ी रहीं, लड़की का मुँह देखती रहीं. लड़की डर गई." हे मला शेजारच्या म्हाताऱ्याच्या बायकोनं सांगितलं, मीठमसाला लावून. मी तर मीठ सोडलंय, ही लावते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हे नळीतनं काही घेईनात. नर्स पिचकारी घेऊन आली की उजव्या हातानं ढकलतात. उजवा हात ठणठणीत आहे. दूध सांडलं, चादर ओली. नर्स म्हणाली, हात बांधू का? मी म्हटलं, बांधून बघ, मग मी आहे. मग माझीच मला लाज वाटली, ती पोरगी बरोबरच बोलत होती.

माझ्याशी बोलत नाहीत. मी म्हटलं, "खोटं बोलले, चुकले. रुसायचं ते माझ्यावर रुसा, पेजेवर कशाला?" भिंतीकडं तोंड.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कालपासून पाण्याशिवाय काही नाही. पाणी पण नर्सनं झोपेत सोडलं म्हणून गेलं. डॉक्टर शमिकाला इंग्रजीत काहीतरी बोलले, ती मान हलवत होती. मी विचारलं काय म्हणाले, तर म्हणाली, "मामी, समजव त्यांना. तुझंच ऐकतील." माझंच ऐकत नाहीत म्हणून तर हे चाललंय.

उपेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, आई, मी येऊ का? मी म्हटलं, येऊन तू काय करणार, तू काय त्यांच्या तोंडात हात घालणार? मग फोन ठेवल्यावर वाटलं, ये म्हणायला पाहिजे होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ह्यांच्या खाटेजवळ बसले. ओठ सुकून पांढरे झालेत, मी ओला बोळा लावला तो पण त्यांनी जिभेनं बाहेर ढकलला. मी म्हटलं, "अहो, मरायचंय का तुम्हाला?"

"तू खा," म्हणाले. "मग मी."

"मी खाते की."

"समोर. मीठ घातलेलं."

हे माझ्याकडं बघत होते, एक डोळा जास्त उघडा, एक कमी.

"कुठल्या देवीला बोललीस?"

सांगता येत नाही म्हणून मी खाली बघितलं. एवढी वर्षं संसार केला की खाली बघितलं तरी उत्तर जातं.

"मोड," म्हणाले.

"असं बोलू नका!"

"मोड. पाप... माझ्या नावावर."

"तुमच्या नावावर आधीच काय थोडं आहे?" मी रागानं बोलले. मला रडायला येत होतं, मग मी रागावते. "आणि मी मोडल्यावर तुम्हाला काही झालं तर? उद्या शिवलीला येणार आहे. उद्या शेवटचा चमचा आहे. एक दिवस थांबा की."

"नाही."

"एक दिवस!"

ह्यांनी डोळे मिटून घेतले. नर्स दुधाची पिचकारी भरून उभी होती, दूध निवत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. शेजारचा म्हातारा बघत होता, त्याची बायको बघत होती. मी काय करणार होते? नवस ठेवला तर हा माणूस उपाशी मरतो, मोडला तर देवी मारते. कुठल्याही दारानं गेलं तरी हाच जातो. मला कुणी विचारतंच नाही.

गंगव्वाकडं गेले. तिचं आज बंद होतं, पण माझं तोंड बघून तिनं काही विचारलं नाही. उकड काढली, दांडा फिरवला. मला हात लावू दिला नाही. लिंबाची फोडणी देऊन डबा भरला. "गरम आहे तोवर खा," एवढंच म्हणाली.

ह्यांच्या समोर स्टुलावर बसले. डबा मांडीवर. पहिला घास घेतला.

काय लिहू. जीभ आत ओढली गेली. डोळ्यातनं पाणी आलं, कानशिलं गरम झाली. मीठ एवढं असतं हे मी विसरले होते. मला वाटलं होतं घास घशात अडकेल, मला पचणार नाही, ओकारी येईल. तसं काही झालं नाही. चांगली लागली. इतकी चांगली लागली की मला माझाच राग आला.

"कशी?" ह्यांनी विचारलं.

"आंबट आहे," मी म्हटलं. "लिंबू वरनं पिळलंय, फोडणीत नाही. मोहरी जळलेली नाही. शेंगदाणे आहेत, मऊ पडलेत. शाविगे दाताला लागत नाही, नुसती जिभेवर तुटते. मीठ... मीठ बरोबर आहे."

"परत."

दुसरा घास घेतला.

"आता?"

"तेच हो. सारखं काय वेगळं लागणार?"

"कढीपत्ता?"

"आत्ता आला दाताखाली."

"परत."

असं करत त्यांनी सगळा डबा मला खायला लावला. मी म्हटलं पुरे, तर म्हणाले, तळाला फोडणी राहते, ती पण खा. मी खाल्ली. बोटानं पुसून खाल्ली. ते माझं तोंड बघत होते, मी त्या कारखान्यातल्या पोरीचं बघत होते तसं. एवढी हाव बरी नव्हे, मी मनात म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडानं खाऊन कुणाचं पोट भरलंय?

मग नर्सला उजव्या हातानं खूण केली. दूध गेलं, पेज गेली, सगळं गेलं, एक थेंब सांडला नाही. नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, "सरी अम्मा, सरी." ठीक आहे म्हणे. हिला काय माहीत काय ठीक आहे ते.

उद्या शिवलीला चमचा घेऊन येणार. मी गळ्यावर बोटं कशी ठेवू? ह्याच बोटांनी डबा पुसलाय. संध्याकाळी देवळात जायचं म्हणून साडी बदलून आले होते, पण पाय उचलले नाहीत. तिथंच स्टुलावर बसून राहिले. हे उशीला टेकून पडलेले, डोळे मिटलेले, तोंडावर अशी कळा की चार माणसांचं जेवून उठलेत.

मला ढेकर आला. मोठा. मी तोंडावर पदर दाबला, पण त्यांनी ऐकलाच. डोळे न उघडता म्हणाले, "आत्ता कसं."

काय आत्ता कसं? इथं सगळं बुडालं, आणि हा माणूस खुश. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर दुसरा पण आला.